स्टिअरिंगचं तेल जातं तरी कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोड एकाच वेळी आली की आपल्याकडच्या पिकअपला उसंत नसते. बाजारात, जिनिंगच्या आवारात, पांदण रस्त्यावर भरलेली गाडी जागच्या जागी वळवावी लागते आणि पॉवर स्टिअरिंगची कमकुवत जागा तिथेच फुटते. या वेळची सगळी पत्रं त्याच गळतीबद्दल आहेत. उत्तरं तेलावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक स्टिअरिंगची आहेत. बॉनेटखाली स्टिअरिंगच्या तेलाची डबीच नसेल तर तुमची गाडी इलेक्ट्रिक स्टिअरिंगची असेल. तिला यातलं काही लागू नाही.

प्रश्न : संत्रा भरून नागपूरच्या फेऱ्या चालू आहेत. चार दिवसांत स्टिअरिंगची डबी निम्मी होते. गाडीखाली लालसर डाग पडतात. एक मिस्तरी म्हणतो रॅक गेली, दुसरा म्हणतो पंप बदला. दोन्ही बदलायची ऐपत नाही. आधी काय करू?
(वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : दादा, आधी काहीच विकत घेऊ नका. तेल निघतं एका जागेवरून आणि टपकतं दुसऱ्या जागेवरून. गाडी पळताना वारा तेलाला मागे ढकलतो. ते पाइपावरून, रॅकच्या म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या अंगावरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथे थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला रॅक ओली दिसते, म्हणून तिच्यावर आळ येतो. मूळ बहुतेक वेळा त्याच्या वर आणि पुढे असतं.

पहिली खात्री करा की हे स्टिअरिंगचंच तेल आहे. रात्री गाडी सपाट जागी लावून पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून घ्या, म्हणजे सकाळी डाग कुठल्या बाजूचा ते कळेल. स्टिअरिंगचं तेल नवं असताना लाल, जुनं झालं की तपकिरी. डिझेल इंजिनाचं तेल काळंभोर. गिअरचं तेल दाट, त्याला गंधकासारखा उग्र वास. कूलंट पाण्यासारखं पातळ असतं आणि पुठ्ठा फुगवतं. ब्रेक ऑइल पातळ, फिकट, पाण्याने धुतलं जातं. डाग ब्रेक ऑइलचा निघाला तर गाडी जागची हलवू नका.

मग इंजिन पूर्ण थंड असताना डबी, पंप, पाइप आणि रॅक रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या ब्रशने धुऊन काढा. त्याआधी अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि पट्टा भिजू देऊ नका. कोरड्या फडक्याने पुसून तासभर वाळू द्या. आता साधी टाल्कम पावडर सगळ्या जोडांवर हलकी भुरभुरा. हे काम पाच मिनिटांचं आहे पण फार उपयोगी पडतं, कारण पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ जिथून सुरू होते तिथेच मूळ असतं.

पिशवी काढा, इंजिन सुरू करा, एकाला केबिनमध्ये बसवा. त्याने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. टोकाला धरलं की पंप सगळ्यात जास्त दाब काढतो, हलक्या गाड्यांत साधारण ७० ते १०० बार. टायरमधल्या हवेच्या कित्येक पट. म्हणूनच चालू इंजिनात पाइपावरून हात फिरवून गळती शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आत मांस सडतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि तेलाची धार आत गेली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून वापरा.

बघायचा क्रम वरून खाली. डबीचं झाकण आणि कड ओली असेल तर तेल जास्त भरलं आहे किंवा आत फेस होतो आहे. डबीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर मे महिन्याच्या उन्हात ते उतू जाणारच. ती गळती नव्हे.

नंतर डबीखालचे दोन रबरी पाइप. एक जाड, पंपाकडे जाणारा. दुसरा परत येणारा, म्हणजे रिटर्न. यांच्यात दाब फार कमी असतो, तरी घरच्या घरी निस्तरता येणाऱ्या गळत्या बहुतेक इथल्याच. क्लिप सोडवून पाइपाचं टोक बोटाने वाकवून बघा. क्लिपच्या काठाला उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा दिसल्या, रबर दाबून दबत नसलं, की पाइप संपला. लांबी पुरत असेल तर टोकाचा इंचभर भाग धारदार ब्लेडने सरळ कापून पुन्हा बसवता येतो. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या आत, पाइपाच्या टोकापासून पाचेक मिलिमीटर सोडून आवळा. फार आवळली की तीच क्लिप रबर कापते. नवा पाइप तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचाच घ्या. पाण्याचा किंवा डिझेलचा पारदर्शक पाइप तेलाच्या उष्णतेने दोन दिवसांत लोळागोळा होतो.

पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपाची एक खोड लक्षात ठेवा : गाडी चालू असताना तो हवा ओढतो, उभी असताना तेल टपकवतो. त्यामुळे चालू इंजिनात तिथे काहीच दिसत नाही. सकाळचा पुठ्ठा ओला, पण चालू गाडी कोरडी आणि डबीत बुडबुडे, असं असेल तर संशय या पाइपावर.

पंपाचं शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं असेल तर पुलीच्या मागे ओल दिसते आणि पुली ज्या रेषेत फिरते त्या रेषेत बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचा पट्टा उडालेला असतो. पुली कोरडी असेल तर पंपाला उगाच दोष देऊ नका. पंपाकडून रॅककडे दाबाने तेल नेणारा हाय प्रेशर पाइप पंपावर जिथे बसतो, त्या बँजो बोल्टला (आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंनी एकेक तांब्याचं वॉशर असतं. पाइप एकदा उघडून जुनीच वॉशर परत लावली की तिथून झिरपायला लागतं. नवी लावा. तालुक्याला त्या मापाची मिळाली नाहीत तर जुनं तांब्याचं वॉशर लाल होईपर्यंत तापवून गार करा, ते मऊ पडून पुन्हा बसतं. ॲल्युमिनियमच्या वॉशरला हा उपाय चालत नाही, ते वितळतं. जोडाला टेफ्लॉन टेप, शेलॅक, एम-सील यातलं काहीही लावायचं नाही. त्याचा एक तुकडा आत गेला तर स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि मग खरोखरच रॅक उघडावी लागते.

हे सगळं कोरडं निघालं आणि रॅकवरच पावडर भिजली, तर मात्र पहिला मिस्तरी बरोबर आहे. त्याबद्दल खाली वेगळ्या प्रश्नात आलं आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाची पिकअप आहे. स्टिअरिंगचं तेल कमी झालं तेव्हा दुकानात मिळालं नाही म्हणून ड्रायव्हरने ब्रेक ऑइल ओतलं, अंदाजे पाव लिटर. त्याआधी कधीतरी इंजिन ऑइलही टाकलं होतं म्हणे. गाडी अजून चालते आहे. काढावं लागेल का?
(वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, ब्रेक ऑइल आजच काढायला हवं. इंजिन ऑइल तितकं घाईचं नाही, पण तेही त्याच कामात निघून जाईल.

कारण रबरात आहे. स्टिअरिंगमधली सीलं आणि ओ-रिंगा सहसा नायट्राइल रबराच्या असतात. हे रबर खनिज तेलात टिकतं, पण ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात ते फुगतं आणि मऊ पडतं. सुरुवातीला फुगलेल्या सीलने गळती थांबल्यासारखी वाटते, म्हणून ड्रायव्हरला उपाय जमला असं वाटतं. काही आठवड्यांत तीच सीलं चोळामोळा होऊन सगळीकडून गळू लागतात. उलटी चूक याहून घातक : स्टिअरिंगचं तेल चुकून ब्रेकच्या डबीत गेलं तर ब्रेकची रबरं फुगून ब्रेक जाम होतात किंवा लागतच नाहीत. दोन्ही डब्यांच्या झाकणांवर रंगाने मोठी अक्षरं लिहून ठेवा, ब्रेक आणि स्टिअरिंग.

इंजिन ऑइलचं दुखणं वेगळं. १५डब्ल्यू४० तेल ४० अंशांना स्टिअरिंगच्या तेलापेक्षा जवळपास तिप्पट घट्ट असतं. हिवाळ्यात सकाळी स्टिअरिंग जड जातं, पंप कण्हतो, फेस होतो.

टाकायचं काय, ते गाडीच्या पुस्तकात किंवा डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बऱ्याच पिकअपना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल), म्हणजे डेक्स्रॉन-२ किंवा डेक्स्रॉन-३ प्रकारचं लाल तेल चालतं. पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच घ्यायचं, लाल रंग बघून ठरवायचं नाही.

तेल बदलायला अडीच ते तीन लिटर घ्या. या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये लिटरभराच्या आसपासच तेल मावतं, पण जुनं ढकलून बाहेर काढायला जास्त लागतं. मागच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावून पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला आणि गाडी घोडीवर (स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर खाली हात घालायचा नाही. मेडिकलमधून ५० मिलीची नवी सिरिंज आणून डबीतलं तेल उपसा. रिटर्न पाइप डबीवरून काढून बाटलीत सोडा आणि डबीचं ते तोंड रबरी बुचाने बंद करा. डबी नव्या तेलाने भरून, इंजिन बंद ठेवूनच, दुसऱ्याने स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. दर फेरीला डबीतलं तेल उतरेल, ते भरत राहायचं, डबी कोरडी होऊ द्यायची नाही. बाटलीत स्वच्छ लाल तेल यायला लागल्यावर आणखी अर्धा लिटर काढा, मग पाइप जागेवर लावा. ब्रेक ऑइल पोटात गेलं असल्यामुळे आठवडाभराने हेच काम पुन्हा एकदा करा. सीलं आधीच फुगलेली असतील तर ती परत पूर्ववत होत नाहीत. तेल बदलूनही गळती सुरू राहिली तर ती बदलावीच लागतील.

उपसलेलं तेल विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. कॅनमध्ये साठवून जळकं तेल घेणाऱ्याला द्या.

प्रश्न : धानाची पोती भरून येताना वळणावर हाय प्रेशर पाइप फुटला, सगळं तेल रस्त्यावर. कंपनीचा पाइप यायला आठ दिवस लागणार. ट्रॅक्टर-जेसीबीचे होज बनवणाऱ्याकडून करून घेतला तर चालेल का? गॅस वेल्डिंगवाला म्हणतो झाळून देतो.
(वाचक, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : झाळून घेऊ नका. रबरी भाग फुटला असेल तर झाळायला काही नाहीच, आणि लोखंडी नळीवर टाकलेला टाका इतक्या दाबाला आणि इंजिनाच्या कंपनांना फार दिवस धरत नाही. वरून पट्टी किंवा क्लिप आवळण्याचंही तेच. निघालेली धार इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडली तर गाडी पेट घेते.

होज क्रिम्पिंगच्या दुकानातून करून घेतलेला पाइप मात्र चालतो, नीट करून घेतला तर. जुना पाइप दोन्ही टोकांसह सोबत न्या, टोकाच्या फिटिंगा त्याच किंवा तंतोतंत तशाच बसायला हव्यात. आट्यांच्या मापात इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली तर दोन आटे चढतात आणि पुढे पंपाचं तोंड खराब होतं, तेव्हा दुकानातच हाताने पूर्ण चढवून बघा. आतला व्यास जुन्याएवढाच. एका तारजाळीचा ३/८ इंची हायड्रॉलिक होज १८० बारला चालतो, दोन जाळ्यांचा ३३० बारला, म्हणजे दाबाची चिंता नाही. चिंता उष्णतेची. साधा हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचा असतो. आपल्याकडे बाहेरच ४५-४६ अंश असताना, भरल्या गाडीत, एक्झॉस्टशेजारून जाणारा पाइप त्या हद्दीला पोचतो. म्हणून जास्त तापमानाचा होज मागा, आणि मूळ पाइपावर उष्णता अडवणारं पत्र्याचं किंवा कापडाचं आवरण होतं तर ते नव्यावर चढवा.

दुकानातला होज मूळ पाइपापेक्षा कडक असतो. मूळ पाइप थोडा फुगून पंपाचे हादरे गिळतो, हा गिळत नाही, त्यामुळे वळताना घूं असा आवाज थोडा वाढेल. तो दोष नाही. लांबी मात्र जुन्याएवढीच हवी : आखूड असेल तर इंजिन हललं की ताण येतो, लांब असेल तर कुठेतरी घासतो. जागेवर लावल्यावर मूळचे सगळे ब्रॅकेट परत बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाइप पट्ट्याला, पंख्याला, एक्झॉस्टला शिवत नाही हे बघा. नट सोडताना आणि आवळताना दुसरा पाना लावून समोरची बाजू धरा, नाहीतर नळीच पिळली जाते.

आणि पाइप फुटला का, तेही बघा. घासल्याची खूण असेल तर कारण तेच. रबर टोकाशी फुगलेलं असेल तर वय झालं होतं. उंदराचे दात दिसले तर, धान भरलेल्या कोठाराशेजारी गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने बॉनेटखाली आठवड्यातून एकदा नजर टाकायला हवी.

प्रश्न : पाइप बदलल्यापासून स्टिअरिंग वळवताना घरघर आवाज येतो, डबीत दुधासारखा फेस होतो आणि मधेच जड जातं. तेल कुठेच गळत नाही. पंप खराब झाला का?
(वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : पंपाआधी हवेचा विचार करा. पाइप उघडला की हवा आत शिरते, आणि मिस्तरीने डबी भरून लगेच इंजिन सुरू केलं असेल तर पंपाने ती तेलात घुसळून टाकली आहे. ओळखायला सोपं : इंजिन चालू असताना डबीतली पातळी बघा, मग इंजिन बंद करा. बंद करताच पातळी वर चढली तर आत हवा आहे.

गाडी रात्रभर उभी राहू द्या, फेस वर येऊन फुटतो. सकाळी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग १५ ते २० वेळा टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवा, डबी भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून मंद वेगावर तीन-चार वेळा फिरवा, टोकाला दाबून धरू नका. थांबा, पातळी बघा, पुन्हा करा. चाकं खाली घेऊन शेवटी एकदा बघा. घाई केली की सगळं पहिल्यापासून.

इतकं करूनही फेस परत आला तर डबी ते पंप या जाड पाइपाची क्लिप नव्याने आवळा आणि डबीच्या तळाची जाळी तपासा. काही डब्यांत ती सुटी निघते, काहींत डबीच बदलावी लागते. जाळी गाळाने भरली की पंपाला तेल मिळत नाही, तो हवा ओढतो. हवा पूर्ण निघाल्यावरही कण्हणं राहिलं तरच पंपाकडे जा.

प्रश्न : गळती बंद करणारं औषध बाटलीत मिळतं. टाकावं का?
(वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : ते जुनं, कडक झालेलं रबर मऊ करतं, त्यामुळे थेंबथेंब झिरपणारं सील काही दिवस धरतं. फुटलेला पाइप, सैल क्लिप, झिजलेला रॉड यांना त्याचा काही उपयोग नाही. हंगाम पंधरा दिवसांवर संपणार असेल आणि झिरप अगदी बारीक असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापात एकदा टाका. दुसऱ्यांदा टाकू नका, सीलं गरजेपेक्षा मऊ पडतात.

प्रश्न : रॅकच्या डाव्या बुटात तेल भरलं आहे. सील किट टाकून घेऊ की पूर्ण रॅक? गेल्या वर्षी किट टाकलं होतं, दोन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं.
(वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर : पुन्हा का गळलं, ते कळल्याशिवाय दुसरं किट टाकू नका.

बूट म्हणजे रॅकच्या टोकावरचं चुण्यांचं रबरी आवरण. त्याची बाहेरची छोटी क्लिप सोडवून बूट मागे सरकवा. आत दोन-चार थेंब ओल चालते, तेल वाहून आलं तर आतलं सील गेलेलं आहे. स्टिअरिंग दुसऱ्या टोकाला फिरवून रॅकचा चकचकीत रॉड जेवढा बाहेर येईल तेवढा येऊ द्या, इंजिन बंद करा, स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडखळलं, बारीक खड्डे किंवा गंजाचे ठिपके लागले, तर गेल्या वर्षीच्या किटचं काय झालं ते कळलं : प्रत्येक वळणाला तो खड्डा नव्या सीलची धार कापत होता. अशा रॉडवर कितीही चांगलं किट टिकणार नाही. रॉड बदलता येत असेल तर बदला, नाहीतर रॅक.

खड्डे पडतात ते फाटलेल्या बुटामुळे. आपली काळी माती पावसात बुटात शिरते, ओली चिकटून बसते, सुकली की घासते. बूट स्वस्त असतो, तो फाटल्याचं जूनमध्येच बघितलं असतं तर रॅक वाचते. दर पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही बुटांच्या चुण्या उलगडून बघा. भेग चुणीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. बूट तारेने बांधू नका, तार रबर कापते, योग्य क्लिप लावा.

रॉड काचेसारखा गुळगुळीत निघाला तर किट जरूर टाका. सीलला बसवण्याआधी स्टिअरिंगचंच तेल लावायचं, ग्रीस नाही. ओ-रिंगची बाहेरची गोलाई जुळली म्हणून घेऊ नका, तिच्या दोरीची जाडीही जुन्या रिंगशी जुळवा. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक) काढण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि तितक्याच आट्यांवर परत बसवा. अलाइनमेंट तरीही करावीच लागते, नाहीतर पुढचे टायर काही हजार किलोमीटरांत एका बाजूने झिजतात. आणखी एक : रॅकपासून स्टिअरिंगचा दांडा सुटा केल्यावर केबिनमधलं चक्र कोणी फिरवू नये म्हणून ते दोरीने सीटला बांधा. एअरबॅगच्या गाडीत ते फिरलं तर खालची गुंडाळलेली वायर तुटते.

काही पिकअपना रॅक नसून स्टिअरिंग बॉक्स असतो. तिथे बहुधा खालच्या बाजूचं, पिटमन आर्मच्या (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणाऱ्या हाताच्या) शाफ्टचं सील जातं. आर्म काढण्याआधी शाफ्ट आणि आर्मवर एका रेषेत खूण करा आणि पुलर वापरा. हातोड्याने ठोकून काढला तर धक्का आतल्या गोळ्यांपर्यंत जातो.

प्रश्न : चिखलदऱ्याहून उतरताना तेल पूर्ण संपलं तर गाडी तशीच खाली आणता येते का?
(वाचक, अचलपूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : चाकं वळतात, कारण चक्रापासून चाकांपर्यंतचा दांडा जोडलेलाच असतो. पण फार जोर लागतो, आणि घाटात ते वळण येण्याआधी जमलंच पाहिजे. भरलेली गाडी उतरवू नका. रिकामी असेल तर खालच्या गिअरमध्ये, अगदी हळू, पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत आणा. इंजिन बंद करून उतार धरू नका, ब्रेकची मदतही जाते.

पंप कोरडा फिरला की काही मिनिटांत आतून ओरखडतो. त्याचा पट्टा स्वतंत्र असेल तर तो काढून ठेवा. तोच पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवत असेल तर काढायचा नाही, इंजिन तापून बसेल. रस्त्यात एटीएफ मिळालं नाही आणि गळती बारीक असेल तर कोरं, ३२ नंबरचं खनिज हायड्रॉलिक तेल टाकून वर्कशॉप गाठता येतं, मग ते काढून योग्य तेल भरायचं. ब्रेक ऑइल मात्र अशा नडीलाही नाही.

प्रश्न : महिन्याला अर्धा लिटर तेल लागतं. पुठ्ठा ठेवला, पावडर टाकली, खाली थेंब नाही. तेल जातं कुठे?
(वाचक, अकोट तालुका, जि. अकोला)

उत्तर : दोन जागा बघा. पहिली, रॅकचे बूट. बूट धड असेल तर आतल्या आत बरंच तेल साठतं आणि बाहेर थेंब येत नाही. खालून दाबून बघा, पखालीसारखं डुचमळलं तर तेल तिथे आहे.

बूट कोरडे असतील तर पंप कशावर फिरतो ते बघा. काही डिझेल इंजिनांत त्याला पट्टा नसतो, तो इंजिनाच्या गिअरवर बसवलेला असतो. अशा पंपाचं शाफ्ट सील गेलं की तेल बाहेर न येता सरळ इंजिनात उतरतं. इंजिन ऑइलची पट्टी काढा. दोन बदलांच्या मधे ऑइलची पातळी उतरायच्या ऐवजी वर चढत असेल तर हा संशय पक्का धरा, मात्र डिझेल इंजिनात शिरल्यानेही पातळी चढते, म्हणून पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास नसेल आणि स्टिअरिंगची डबी त्याच प्रमाणात उतरत असेल, तर पंप उतरवून शाफ्ट सील बदला, इंजिनावर बसणारी ओ-रिंग नवी टाका, आणि पातळ झालेलं इंजिन ऑइल फिल्टरसह त्याच दिवशी बदला.